एक सेकंद शिल्लक

स्टेडियमजवळ राहणाऱ्या माणसाला निकाल आधी ऐकू येतो आणि मग कळतो. ३० नोव्हेंबर २०१३च्या संध्याकाळी मी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, ऑबर्न नावाच्या गावात, एका रिकाम्या लॅबमध्ये बसलो होतो. समोरच्या मशीनमध्ये स्टीलचा एक तुकडा ताणला जात होता, सैल होत होता, पुन्हा ताणला जात होता. तो तुटेल तेव्हा वेळ लिहून ठेवणं, एवढंच माझं काम. कम्प्युटरवर इंटरनेटवरून रेडिओ लावला होता आणि तो मैदानाच्या साधारण अर्धा मिनिट मागे चालत होता. निवेदक अजून त्या एका सेकंदाबद्दलच बोलत होता, तो धरायचा की नाही, किक मारणार की नाही. तेवढ्यात बंद खिडक्यांच्या काचा थरथरल्या. दूरवर दरड कोसळावी तसा आवाज आला आणि तो थांबेना. काहीतरी झालं होतं. काय झालं, ते मला ठाऊक नव्हतं. रेडिओवर मात्र अजून काहीच झालेलं नव्हतं.

तो अर्धा मिनिट मी कधीच विसरलो नाही. त्यानंतर मी जे केलं, तेही विसरलेलो नाही. पण ते शेवटी सांगतो.

मी कोल्हापूरचा. हे सांगायला लागतं, कारण कोल्हापूरच्या माणसाला ‘फुटबॉल’ या शब्दाबद्दल काही ठाम मतं असतात. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमीचा फुटबॉल संघ असतो हे पुण्यातल्या मित्रांना समजावता समजावता माझं इंजिनिअरिंग संपलं. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठेतली निम्मी दुकानं अर्ध्या शटरवर असतात. तुम्ही कुठल्या संघाचे, हे तुम्ही निवडत नाही. कुठल्या गल्लीत जन्मलात त्यावरून ते ठरतं.

त्यामुळे ऑगस्ट २०१३मध्ये एमएस करायला ऑबर्नला पोचलो आणि रूममेटनं पहिल्याच आठवड्यात ‘फुटबॉलचं तिकीट काढलंस का?’ विचारलं, तेव्हा मी खूश झालो. मग कळलं, हा तो फुटबॉल नव्हे. चेंडू अंड्यासारखा, तोही बहुतेक वेळ हातात. पायाचं काम कधीतरीच. पण गंमत अशी, की त्या सीझनचा निकाल शेवटी पायानंच लावला.

खेळ थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मैदान शंभर यार्ड. दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा एंड झोन. चेंडू समोरच्याच्या एंड झोनमध्ये नेला की सहा गुण, त्यावर एक जादा किक. दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. पोचणं अवघड वाटलं तर दुरूनच दोन उंच खांबांच्या मधून किक मारायची, तिचे तीन गुण. आणि एक फारसा कुणाच्या लक्षात नसलेला नियम: किक कमी पडली आणि चेंडू मैदानातच खाली आला, तर समोरचा खेळाडू तो झेलून पळत सुटू शकतो. हे जवळजवळ कधी होत नाही. बुद्धिबळात ‘आँ पासाँ’ असतं ना, तसं.

ऑबर्न हे एका विद्यापीठाभोवती वसलेलं गाव आहे. अटलांटा विमानतळावरून गाडीनं दोनेक तास. गावापेक्षा स्टेडियम मोठं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होत नाही. जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये तेव्हा ८७,४५१ माणसं बसायची, गावात कायम राहणारे त्याहून कमी. सामन्याआधी खराखुरा गरुड सोडतात. तो स्टेडियमभर घिरट्या घालून मैदानाच्या मध्यावर उतरतो. संघाचं नाव ‘टायगर्स’, पण आरोळी ‘वॉर ईगल’. वाघ आणि गरुड एकत्र कसे, हे विचारायचं नाही. शेजारच्या अलाबामा विद्यापीठाचं नाव ‘क्रिमझन टाइड’, म्हणजे किरमिजी लाट, आणि त्यांचं चिन्ह हत्ती. तिथेही विचारायचं नाही.

या दोन विद्यापीठांमधल्या वार्षिक सामन्याला ‘आयर्न बाउल’ म्हणतात, कारण तो बरीच वर्षं बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात व्हायचा. पहिला सामना १८९३चा. १९०७ साली ६-६ अशी बरोबरी झाली आणि त्यानंतर दोन्ही बाजूंचं फाटलं. कारण काय, तर खेळाडूंचा दिवसाचा भत्ता किती, किती खेळाडू आणायचे आणि पंच कुठला. एवढ्यावरून एकाच राज्यातले हे दोन संघ तब्बल ४१ वर्षं एकमेकांशी खेळले नाहीत! मध्ये दोन महायुद्धं होऊन गेली. शेवटी विधिमंडळानं कान टोचल्यावर १९४८मध्ये सामना पुन्हा सुरू झाला. दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या बागेत खड्डा खणून खरोखरची कुऱ्हाड पुरली. मग अलाबामानं ५५-० असं हरवलं. भावकीतल्या जमिनीच्या भांडणात तडजोड होते ती साधारण अशीच.

पण भत्ता हे निमित्त असावं, असं मला तिथं राहून वाटायला लागलं. टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ म्हणजे राज्यातले वकील, न्यायाधीश, आमदार घडवणारी जागा. ऑबर्न १८७२पासून सरकारी जमिनीच्या योजनेतून चाललेलं शेतकी आणि यंत्रविद्येचं कॉलेज. ‘गाई-म्हशींचं कॉलेज’ म्हणून त्याला पिढ्यान्‌पिढ्या चिडवलं गेलं. ऑबर्न आपल्या गावात अलाबामाला बोलवायचं म्हणायचं, तर तिकडून उत्तर यायचं, तिथं कोण येणार? अलाबामाचा संघ आयर्न बाउलसाठी ऑबर्नच्या मैदानावर पहिल्यांदा आला तो १९८९च्या २ डिसेंबरला. तोवर एकही सामना न हरलेल्या अलाबामाला त्या दिवशी ऑबर्ननं ३०-२० असं हरवलं. माझ्या लॅबमधले वयस्कर तंत्रज्ञ त्या दिवसाबद्दल बोलताना चष्मा काढून पुसायचे. ते स्वतः कधी कॉलेजात गेले नव्हते. पण ‘आम्ही’ म्हणायचे.

आणखी एक इतिहास आहे, तो इतक्या प्रेमानं सांगितला जात नाही. १९६३मध्ये अलाबामाचा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला टस्कलूसात दारात उभा राहिला, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. ऑबर्नमध्ये हॅरोल्ड फ्रँकलिन हा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी १९६४च्या जानेवारीत आला. फुटबॉलची शिष्यवृत्ती मिळालेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, जेम्स ओवेन्स, त्यानंतर पाच वर्षांनी. मी स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मैदानावरचे बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि माझ्या भोवतीचे बहुतेक प्रेक्षक गोरे. ‘आम्ही जिंकलो’ या वाक्यातला ‘आम्ही’ नक्की कोण, हा प्रश्न मला तेव्हा पडला आणि पहिल्या टचडाउननंतर मी तो विसरलो. आवाज फार होता.

तर, २०१३. त्याआधीच्या वर्षी ऑबर्ननं बारापैकी तीन सामने जिंकले होते. आपल्या विभागातले आठच्या आठ हरले होते. दोनच वर्षांपूर्वी राष्ट्रीय विजेतेपद जिंकून देणाऱ्या प्रशिक्षकाला काढून टाकलं होतं. नवा प्रशिक्षक गस माल्झान. नवा क्वार्टरबॅक निक मार्शल. हा आधी जॉर्जिया विद्यापीठात होता, तिथून त्याला काढलं, मग कॅन्ससच्या एका छोट्या कॉलेजातून तो इथं आला. आमच्यासारखाच उन्हाळ्यात गावात नवा. कुणाला काही अपेक्षा नव्हती. म्हणूनच मला तिकीट मिळालं असणार.

गावाला आणखी एक दुःख होतं. टूमर्स कॉर्नर नावाचा चौक आहे, तिथं दोन जुने ओक होते. संघ जिंकला की सगळं गाव तिथं जमून झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकायचं. पांढऱ्या झिरमिळ्यांनी झाडं भरून जायची. आपण गुलाल उधळतो, ते टॉयलेट पेपर उधळतात. हसू नका, मीही आधी हसलो होतो. २०१०च्या आयर्न बाउलमध्ये ०-२४ अशा पिछाडीवरून ऑबर्ननं २८-२७ असा सामना काढला. त्यानंतर अलाबामाच्या हार्वी अपडाइक नावाच्या साठीतल्या चाहत्यानं त्या झाडांच्या मुळाशी तणनाशक ओतलं, जबरदस्त प्रमाणात. आणि जानेवारी २०११मध्ये रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून स्वतःच सांगितलं. त्याला तुरुंग झाला, दंड झाला. झाडं वाचवायला माती उपसली, सगळं करून पाहिलं. एप्रिल २०१३मध्ये ती तोडावी लागली. मी चार महिन्यांनी पोचलो. चौकात झाडांच्या जागी खांबांना तारा बांधल्या होत्या, लोकांना पेपर फेकायला काहीतरी हवं म्हणून.

पहिले तीन सामने जिंकले. तिसरा, मिसिसिपी स्टेटविरुद्धचा, दहा सेकंद उरले असताना. चौथा लुइझियानात एलएसयूनं पावसात धुतला, ३५-२१. तिथून मग गाडी सुटली ती सुटलीच. टेक्सास ए अँड एमला त्यांच्या घरी ४५-४१. मी दर रविवारी घरी स्काइप करायचो, पण आईशी बोलणं दहा मिनिटांत संपायचं आणि बाबा खुर्ची ओढून बसायचे. त्यांना नियम एक कळत नव्हता.

“आज कुणाला हाणलं?” एवढंच विचारायचे.

इथं बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा तालमीचे कट्टर. पण मी सातवीत असताना एका सामन्यानंतर स्टेडियमबाहेर दगडफेक झाली आणि माझ्या थोरल्या चुलत्यांच्या डोक्याला दगड लागला. अकरा टाके. तालमीचं नाव लिहीत नाही, पेठेतले लोक हे वाचतात. खरं सांगायचं तर दगड कुठल्या बाजूनं आला तेच कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून बाबा मैदानावर गेले नाहीत. घरी बसून आवाज ऐकायचे. आमच्या गच्चीवर स्टेडियमचा आवाज येतो.

१६ नोव्हेंबरला जॉर्जियाचा सामना मी स्टेडियममध्ये बसून पाहिला. ३७-१७ अशी आघाडी होती, ती जॉर्जियानं शेवटच्या काही मिनिटांत खाल्ली आणि ३८-३७ करून पुढे गेले. चौथा प्रयत्न, हवेत १८ यार्ड, छत्तीस सेकंद बाकी. मार्शलनं चेंडू नुसता उंच भिरकावला. जॉर्जियाचे दोघं एकाच वेळी त्यावर झेपावले, एकाच्या हाताला लागून चेंडू उडाला आणि मागून पळत आलेल्या रिकार्डो लुईसच्या हातात पडला. त्यानं मान वळवून पाहिलं, चेंडू आहे, आणि पळत सुटला. ४३-३८. शेजारच्या अनोळखी आजींनी मला मिठी मारली. त्या आधी तीन तास माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दोन आठवड्यांनी आयर्न बाउल. अलाबामा देशात पहिलं, ऑबर्न चौथं. आणि माझ्या मशीनचा स्लॉट नेमका त्याच शनिवारी. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत मशीन रिकामं होतं म्हणून मीच मागून घेतलेला. बदलता आला असता का? विचारायची हिंमत झाली नाही. पहिलं सेमिस्टर होतं. तिकीट रूममेटच्या मित्राला दिलं.

आम्हा परदेशी विद्यार्थ्यांना व्हिसाच्या नियमानं सेमिस्टर चालू असताना आठवड्याला कॅम्पसवर वीसच तास काम करता येतं. नंतर वाचताना कळलं, की खेळाडूंनाही नियमानं आठवड्याला वीसच तास सराव. दोन्हीकडचे वीस तास कागदावरचे, हे तिथल्या कुणालाही विचारा. फरक एवढाच, की मला महिन्याला चेक मिळायचा. त्यांना फी, राहणं, जेवण, पगार नाही. त्यांच्या प्रशिक्षकाला वर्षाला वीस लाख डॉलरहून जास्त. त्यांच्या नंबरची जर्सी विकली तरी त्यांना काही नाही. ‘शिकतायत ना ते, मग पैसे कशाला?’ हे मी तेव्हा अगदी शहाण्यासारखं म्हणायचो. २०२१मध्ये सुप्रीम कोर्टानं ९-० असा निकाल खेळाडूंच्या बाजूनं दिला, त्याच वर्षी स्वतःच्या नावावर कमावायची मुभा मिळाली, आणि २०२५पासून विद्यापीठं थेट पैसे देऊ लागली. परदेशातून व्हिसावर आलेले खेळाडू मात्र बहुतेक अजून बाहेरच आहेत. तोच वीस तासांचा व्हिसा.

पुन्हा लॅब. अलाबामा २१-७ पुढे, मग २१-२१, मग एकाच फेकीत ९९ यार्ड जाऊन २८-२१. मधल्या वेळात त्यांच्या केड फोस्टर नावाच्या किकरच्या तीन किक वाया गेल्या, त्यातली एक ऑबर्ननं अडवली. ३२ सेकंद उरले असताना ऑबर्ननं २८-२८ केलं. अलाबामाचा येल्डन पळत मैदानाबाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर आलं. त्यांचे प्रशिक्षक निक सेबन म्हणाले, एक सेकंद उरलाय. पंचांनी व्हिडिओ पाहून तो सेकंद परत दिला. फोस्टरऐवजी त्यांनी ॲडम ग्रिफिथला पाठवलं. पोलंडच्या अनाथाश्रमातून तेराव्या वर्षी दत्तक आलेला पोरगा. ५७ यार्डांवरून किक.

खिडक्या थरथरल्या त्या इथं. रेडिओ अजून मागे होता. मी मशीनकडे पाठ करून स्पीकरशी कान लावला. निवेदक रॉड ब्रॅम्ब्लेट सांगत होता, किक मारली, कमी पडतेय, ख्रिस डेव्हिस झेलतोय, वीस, तीस, पंचेचाळीस, आणि पुढे त्याचा आवाज फाटला. एंड झोनच्या पार मागच्या रेघेजवळून डेव्हिस शंभराहून जास्त यार्ड पळाला होता. ३४-२८. तो आवाज आजही यूट्यूबवर आहे. ब्रॅम्ब्लेट आणि त्याची बायको २०१९मध्ये कार अपघातात गेले. ती क्लिप मी वर्षातून एकदा ऐकतो.

स्टीलचा तुकडा शाबूत होता. मी तो तसाच ठेवून पळालो.

टूमर्स कॉर्नरला तारांवरून पांढरे पट्टे लोंबत होते, दुकानांच्या पाट्या दिसत नव्हत्या. मला कुणीतरी गुंडाळी दिली, मी फेकली, ती तारेवर पोचलीच नाही. लोकांनी स्टेडियमच्या कुंपणाचे हिरवे तुकडे, गवताचे पुंजके उपटून आणले होते. त्या गर्दीत उभं राहून, थंडीनं बधिर झालेल्या बोटांनी, मी ट्विटर उघडलं. केड फोस्टरचं नाव ट्रेंड होत होतं. मीही लिहिलं. दोन ओळी, इंग्रजीत, त्याच्या पायांबद्दल आणि त्याच्या आईबद्दल. त्याला टॅग करून. तेवीस लाइक आले. तेवीस लाइक मला तोवर कधी आले नव्हते.

मग बाबांना फोन केला. तिकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. ते उठलेले होते.

“बाबा, आवाज ऐका,” म्हटलं आणि फोन वर धरला.

बराच वेळ ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “भांडणं नाहीत न्हवं तिथं?”

दुसऱ्या दिवशी बातम्या आल्या. फोस्टरला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या. माझ्यासारखे हजारो. त्याच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठा असेन मी. त्याला माजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी हातानं लिहून चिठ्ठी पाठवली. फोस्टरची जर्सी ४३ नंबरची आणि बुशही त्रेचाळिसावे. ते वाचून सगळे म्हणाले, किती छान. मी ट्वीट काढून टाकलं. त्याला उत्तर म्हणून काही लिहिलं नाही. काय लिहिणार होतो?

बाबांना हे सांगितलं ते डिसेंबरात, मिझूरीला ५९-४२ हरवून आम्ही विभाग जिंकला त्यानंतर. विजयाच्या बोलण्यात मध्येच घुसवून सांगितलं, म्हणजे ते पटकन निसटेल. ते गप्प बसले. मग म्हणाले, “तुझ्या काकांना दगड मारणारा पण कुणाचा तरी पोरगाच असणार की रे.” आणि आईला हाक मारून फोन दिला.

६ जानेवारी २०१४ला कॅलिफोर्नियातल्या रोझ बाउल मैदानावर अंतिम सामना झाला. २१-३ अशी आघाडी घेऊन, तेरा सेकंद उरले असताना फ्लोरिडा स्टेटनं टचडाउन मारलं आणि आम्ही ३४-३१ हरलो. त्या रात्री टूमर्स कॉर्नरला कुणी गेलं नाही. मी गेलो. तारा रिकाम्या होत्या.

फेब्रुवारी २०१५मध्ये तिथं नवे ओक लावले. मुळं धरेपर्यंत यांच्यावर पेपर फेकू नका, असं विद्यापीठानं सांगितलं. २०१६मध्ये एलएसयूला हरवल्याच्या रात्री त्यातल्या एका झाडाला आग लावली गेली. झाडं पुन्हा बदलली. मी तोवर पुण्यात परतलो होतो.

२०२३च्या आयर्न बाउलला मी कोल्हापुरात होतो. पहाटे फोनवर सामना, शेजारी बाबा, शाल घेऊन. सामना ऑबर्नमध्येच, ऑबर्न २४-२० पुढे. शेवटची पाच मिनिटं असताना अलाबामानं लाथाडलेला चेंडू झेलायला आमचा एक पोरगा गेला, त्याच्या हातून तो सुटला आणि अलाबामाला मिळाला. मग चौथा प्रयत्न, ३१ यार्ड दूर, अशक्यच. त्यांनी तोही टचडाउन केला. २७-२४. बत्तीस सेकंद उरले होते.

मी फोन पालथा घातला. बाबांनी तो उचलून सरळ केला आणि स्क्रीनवर शोधत राहिले.

“चेंडू सोडलेला तो पोरगा कुठाय?”

“दाखवत नाहीयेत बाबा.”

“एकटा बसलाय का, बघ जरा.”

मी बराच वेळ मागेपुढे करून पाहिलं. तो दिसला नाही.